गाठ लहान झाली, पुढे काय?

(युवा शिबिरातील आरोग्यविषयक सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्याच्या सत्रात बोलाल का, असं आयोजकांनी विचारलं तेव्हाच मी सांगितलं होतं की मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोजच्या कामातला माझा बराच वेळ एकाच प्रश्नात जातो. केलेला बदल खरंच उपयोगी ठरला, की फक्त तसं वाटतंय? आज मी तुम्हाला कुठलाही उपचार सुचवणार नाही. उपचार उपयोगी आहे की नाही हे ठरवतात कसं, एवढंच सांगणार आहे. त्यासाठी एकच उदाहरण घेतलं आहे. प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीतच आहे, शरीरात पसरलेला नाही, अशा वेळी ऑपरेशनच्या आधी औषध दिलं तर फायदा होतो का?

तुमच्यापैकी बहुतेक जण विशीत-तिशीत आहात. हा आजार साधारण साठीच्या पुढचा. मग हा विषय तुमच्यासमोर का? कारण आपल्या घरात हॉस्पिटलचे कागद वाचायचं काम तुमच्याकडे येतं. अब्बा, चाचा, नाना लघवीच्या त्रासाबद्दल वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. सांगतात तेव्हा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला हाक मारली जाते.

आमच्या घरी तसंच झालं. माझे बडे अब्बा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तपासणीत त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही जरा तापट स्वभावाचा, पण ग्रंथीबाहेर पसरलेला नव्हता. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “आधी इंजेक्शन घेऊन गाठ छोटी करा, मग कापा. सोपं जातं.” ऐकायला किती बरोबर वाटतं! मी वाचायला बसलो. बडे अब्बांनी मात्र मला एकच विचारलं, “बेटा, इससे मेरी उमर बढेगी क्या?” गाठ छोटी होईल का, असं त्यांनी विचारलंच नाही. संशोधकांना हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे समजून घ्यायला बरीच वर्षं आणि हजारो रुग्णांचा सहभाग लागला. आजचं माझं बोलणं त्याबद्दल आहे.

आधी आजाराची थोडक्यात ओळख करून घेऊ. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. या ग्रंथीच्या कर्करोगाला वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लागतं. शिकागो विद्यापीठातल्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवलं की वृषणं काढून टाकली किंवा स्त्री-संप्रेरक दिलं, तर पसरलेला प्रोस्टेट कर्करोगसुद्धा मागे हटतो. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. पुढे मेंदूतून या सगळ्यावर हुकूम सोडणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला. त्या कामासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमँ यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्यातून अशी इंजेक्शनं तयार झाली की ऑपरेशन न करता टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद करता येतं.

आता सर्जनच्या जागी उभं राहून विचार करा. ग्रंथी काढल्यावर ती पॅथॉलॉजिस्टकडे जाते. कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर आत काहीतरी राहून गेलं असण्याची शंका येते. इंजेक्शनने गाठ आकसते हे माहीत आहे. मग ऑपरेशनआधी तीन महिने इंजेक्शन द्यायचं, गाठ आकसू द्यायची, कडा स्वच्छ मिळवायच्या आणि आजार परत येऊ द्यायचा नाही. ऑपरेशनआधीच्या अशा औषधाला डॉक्टर ‘निओ-अ‍ॅडज्युव्हंट’ उपचार म्हणतात. तर्कात कुठे खोट दिसत नाही. तरीही तो तपासावा लागला.

तपासायचं कसं? दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही. ही कल्पना जुनी आहे. नवव्या-दहाव्या शतकात रय आणि बगदादमध्ये काम केलेले हकीम अल्-राझी यांनी लिहून ठेवलं आहे की मेंदूच्या दाहाची लक्षणं दिसणाऱ्या काही रुग्णांचं त्यांनी रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, म्हणजे तुलना करता येईल. आपल्याकडे अशा गोष्टी अभिमानाने सांगून विषय संपवतात. पण पुढचंही ऐका. रक्त काढल्याने फायदा होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि आज तो कुणी मानत नाही. तुलना केली तरी कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे माणसाने ठरवलं की गडबड होऊ शकते. डॉक्टर नकळत बरा दिसणारा रुग्ण आवडत्या उपचाराला देतो. म्हणून आजच्या चाचणीत गट चिठ्ठी टाकल्यासारखे ठरतात, आणि ती चिठ्ठी संगणक काढतो. डॉक्टरलाही निवड करता येत नाही आणि रुग्णालाही नाही.

अमेरिकेत १९९० च्या दशकात अशी एक चाचणी झाली. सुमारे ३०० पुरुष. अर्ध्यांचं थेट ऑपरेशन, अर्ध्यांना आधी तीन महिने संप्रेरक रोखणारी औषधं आणि मग ऑपरेशन. १९९५ मध्ये पहिले आकडे आले. थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी ४८ टक्क्यांच्या कडेवर कर्करोगाच्या पेशी सापडल्या. औषध घेतलेल्यांमध्ये फक्त १८ टक्के! आमच्या ऑफिसात असा आलेख दिसला असता तर त्याच दिवशी पेढे वाटले असते.

पण त्या संशोधकांनी रुग्णांचा पाठपुरावा सोडला नाही. पाच वर्षांनी त्यांनी पाहिलं, की रक्तातलं पीएसए पुन्हा वाढलेलं नाही, म्हणजे आजार परतल्याची खूण नाही, असे किती जण आहेत? थेट ऑपरेशनवाले ६७.६ टक्के, औषध घेतलेले ६४.८ टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत दोन्ही सारखेच. कडा स्वच्छ झाल्या, पण आजार परतायचा तेवढा परतलाच. कॅनडात ५४७ पुरुषांवर तीन महिने विरुद्ध आठ महिने औषध अशी तुलना झाली. आठ महिन्यांत कडा आणखी स्वच्छ मिळाल्या, २३ टक्क्यांऐवजी १२ टक्के. तरीही आज युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की ऑपरेशनआधी नुसता हा संप्रेरक-उपचार नेहमीचा भाग म्हणून देऊ नये.

असं का झालं असेल? एक तर ज्यांचा आजार परततो, त्यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत काही पेशी ऑपरेशनच्या आधीच ग्रंथीबाहेर गेलेल्या असतात. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत आणि तीन महिन्यांच्या औषधाने मरतही नाहीत. दुसरं, औषधाने पेशी इतक्या आकसतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखणं अवघड होतं. म्हणजे काही कडा स्वच्छ झाल्या नव्हत्या, स्वच्छ दिसत होत्या. तिसरं, ज्या पेशींना टेस्टोस्टेरॉनशिवाय जगता येतं, त्या या औषधाला दाद देत नाहीत.

मग ही औषधं निरुपयोगी का? नाही. १९९७ मध्ये युरोपातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ४१५ पुरुष, आजार ग्रंथीच्या आसपासच पण धोक्याचा. सगळ्यांना रेडिएशन दिलं. अर्ध्यांना त्याबरोबर तीन वर्षं याच प्रकारचं इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ६२ टक्के हयात होते आणि इंजेक्शनही घेतलेल्यांपैकी ७९ टक्के. सोबत ऑपरेशनऐवजी रेडिएशन होतं, मुदत तीन महिन्यांऐवजी तीन वर्षं होती, आणि निकाल पूर्ण वेगळा आला. म्हणून कुणी सांगितलं, “माझ्या मामूंना या इंजेक्शनने गुण आला,” तर पहिला प्रश्न हा विचारायचा की कशाबरोबर आणि किती दिवस?

आणखी एक चाचणी सांगतो, कारण तिच्यातून शिस्त शिकता येते. अमेरिकेतच २००६ ते २०१५ या काळात ७८८ पुरुष एका चाचणीत सामील झाले. सगळ्यांचा आजार पसरलेला नव्हता, पण परतण्याचा धोका जास्त होता. अर्ध्यांचं थेट ऑपरेशन. अर्ध्यांना आधी संप्रेरक रोखणारं औषध आणि डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी. चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवलं होतं की तीन वर्षांनी पीएसए न वाढलेल्यांचं प्रमाण हा मुख्य निकष. २०२० मध्ये निकाल छापून आला. औषध-गटात ८९ टक्के, थेट ऑपरेशनच्या गटात ८४ टक्के. फरक दिसतो, पण तो योगायोगाने आला नसेल असं म्हणण्याइतका मोठा नाही. मुख्य निकषावर चाचणी नापास झाली.

गंमत पुढे आहे. जास्त काळ पाठपुरावा केल्यावर आजार शरीरात इतरत्र पसरणं आणि मृत्यू या दोन्ही बाबतींत औषध-गटाचे आकडे चांगले दिसले. मग संशोधकांनी “यशस्वी” अशी बातमी दिली का? नाही. मुख्य निकष पूर्ण झालेला नसल्यामुळे हा उपचार सरसकट देण्याला आधार मिळत नाही, असंच त्यांनी लिहिलं. बाकीचे आकडे पुढच्या संशोधनासाठी सुगावा म्हणून ठेवले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रिलीजच्या आधी लिहून ठेवतो की अमुक झालं तरच काम पूर्ण. निकाल आल्यावर निकष बदलायला सुरुवात केली, की कुठलंही काम यशस्वी ठरवता येतं. इथे तर समोर माणसांची आयुष्यं आहेत.

आज काय चालू आहे? जुन्यापेक्षा ताकदवान औषधं आली आहेत. २०१४ मध्ये ५८ पुरुषांवरच्या एका छोट्या अभ्यासात ऑपरेशनआधी अ‍ॅबिरॅटेरोन दिलं. २४ आठवडे ते घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांच्या ग्रंथीत ऑपरेशननंतर कर्करोग सापडलाच नाही. १२ आठवडे घेतलेल्यांमध्ये ४ टक्के. आता टक्के सोडा, माणसं मोजा. ३० पैकी ३ आणि २८ पैकी १. इतक्या छोट्या आकड्यांवर उपचार ठरत नाही, पुढचा प्रश्न ठरतो. तो प्रश्न घेऊन ‘प्रोटिअस’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी उभी राहिली. तिच्यात दोन्ही गटांना नेहमीचं संप्रेरक-इंजेक्शन मिळतं. एका गटाला सोबत अपालुटामाइड, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा महिने ऑपरेशनआधी, सहा महिने नंतर. ग्रंथीत कर्करोग उरला का, एवढ्यावर ही चाचणी थांबत नाही. आजार शरीरात इतरत्र न पसरता रुग्ण किती काळ जगला, हेही तिच्या मुख्य निकषांत आहे. नव्वदच्या दशकातून घेतलेला धडा इथे कागदावर उतरलेला दिसतो.

कुणाला वाटेल, औषधाने वाईट तर काही होत नाही ना, मग देऊन टाका. तसं नाही. टेस्टोस्टेरॉन बंद केलं की अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं वाटतं, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढू शकते, वैवाहिक आयुष्यावर परिणाम होतो. तीन महिने औषध म्हणजे ऑपरेशन तीन महिने पुढे. आणि ग्रंथीपुरता असलेला प्रत्येक प्रोस्टेट कर्करोग धोक्याचा नसतो. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना चिठ्ठी पद्धतीनेच तीन गटांत विभागलं होतं. नियमित लक्ष ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या आजाराने झालेले मृत्यू तीन टक्क्यांच्या आसपासच होते. म्हणून ऑपरेशनआधीच्या औषधांची परीक्षा आता मुख्यतः जास्त धोक्याच्या रुग्णांपुरती घेतात. बाकीच्यांच्या माथी औषधाचा त्रास मारण्यात अर्थ नाही.

त्याच ब्रिटिश चाचणीत लघवीवरचं नियंत्रण आणि लैंगिक आयुष्य यांचीही नोंद ठेवली होती, आणि तिथे ऑपरेशनचा त्रास जास्त दिसला. आपल्या ज्येष्ठांसाठी हा मुद्दा मोठा आहे. ऑपरेशननंतर काही काळ लघवी थेंब थेंब गळू शकते. पाच वेळा नमाज पढणारा माणूस ‘कपडे पाक राहत नाहीत’ म्हणून मशिदीत जाणं सोडतो, लोकांत मिसळणं सोडतो, आणि डॉक्टरला यातलं काहीच सांगत नाही. फिक्हमध्ये अशा ‘माजूर’ माणसासाठी सवलत आहे. प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू करून तो नमाज पढू शकतो. आलिमांना विचारा, आणि मुख्य म्हणजे घरातल्या माणसाला हे सांगा. डॉक्टरांनाही सांगा, कारण यावर व्यायाम आणि उपचार आहेत.

आता आपल्याकडचं बघू. ऑपरेशनआधी औषध देऊन पाहण्याचं महत्त्वाचं काम मुंबईत झालं आहे, स्तनाच्या कर्करोगात. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. अर्ध्या जणींना गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. दात काढताना जागा बधिर करतात, तेच हे औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आणि दिलेल्या गटात ९०.१ टक्के. निकाल २०२३ मध्ये छापून आला. याचा प्रोस्टेटशी थेट संबंध जोडू नका, आताच बोललो तसं एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे उचलून नेता येत नाही. मला यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. लिग्नोकेन इतकं स्वस्त आहे की ते तपासण्यात कुठल्याही कंपनीला फायदा नाही. असे प्रश्न सार्वजनिक संस्थाच विचारू शकतात, आणि उत्तर मिळतं ते त्या १,६०० जणींसारख्या बायका सहभागी झाल्यामुळे.

इथे आपल्या मनातली भीती बोलली पाहिजे. “हमारे उपर तजुर्बा करेंगे,” हे वाक्य तुम्ही घरी ऐकलं असेल. ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत राहिले, पेनिसिलिन हाताशी आल्यानंतरसुद्धा. भोपाळमध्ये गॅसपीडितांसाठीच्या रुग्णालयात औषधचाचण्या झाल्या आणि आपल्याला सांगितलंच नव्हतं, असं अनेक रुग्णांनी म्हटलं. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर सरकारला नियम कडक करावे लागले. म्हणजे लोकांनी प्रश्न विचारले, तेव्हा संरक्षण मिळालं.

आज २०१९ चे औषधचाचणी नियम लागू आहेत. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. नैतिकता समितीची मंजुरी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. रुग्ण कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं २००९ पासून बंधनकारक आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते.

तेव्हा घरात असा प्रसंग आला, तर हे पाच प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. पहिला, हा रूढ उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? दुसरा, यशाचा मुख्य निकष कोणता, गाठीचा आकार की माणसाचं आयुष्य? तिसरा, आम्ही भाग घेतला नाही तर कोणता उपचार मिळेल? चौथा, त्रास कोणते आणि त्यांचा खर्च कोण करणार? पाचवा, ऑपरेशन पुढे ढकलण्यात आमच्या रुग्णाला धोका किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गाठ नक्की आकसेल, पण या इंजेक्शनने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. बडे अब्बांनी थेट ऑपरेशन करून घेतलं. निर्णय त्यांचा होता, मी फक्त कागद वाचले. एखाद्याने नीट समजून चाचणीत भाग घेतला असता, तर तोही तितकाच योग्य निर्णय ठरला असता.

शेवटी एक विनंती. आपल्या गावात-मोहल्ल्यात मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही वाचू शकणारी मुलं-मुली आता कमी नाहीत. आठवड्यातून दोन तास सरकारी रुग्णालयात बसून रुग्णांना संमतीपत्रक त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारा एक छोटा गट प्रत्येक तालुक्यात उभा करता येईल. सल्ला द्यायचा नाही. कागदावर काय लिहिलं आहे तेवढं सांगायचं आणि रुग्णाच्या मनातला प्रश्न डॉक्टरपर्यंत पोचवायचा. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी सत्र संपल्यावर मागच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि तालुका लिहा.

मी थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.